व्हिटनी मळा : गुलामगिरीच्या इतिहासाचे स्थळाधिष्ठित अध्ययन

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. त्याच अमेरिकेत लुईझियाना राज्यातील जुन्या मळ्यांवर पर्यटकांस दीर्घकाळ प्रामुख्याने मालकाचा वाडा व ओकवृक्षांची राई दाखविली जाई. वॉलेस गावाजवळील व्हिटनी मळा डिसेंबर २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला, तो गुलामांच्या बाजूने इतिहास सांगण्यासाठी.

१७५२ मध्ये एका जर्मन स्थलांतरिताने वसविलेला हा मळा प्रथम निळीचा, पुढे उसाचा झाला. कडाक्याच्या थंडीने ऊस गोठण्यापूर्वी तो गाळणे भाग असल्याने हंगामात रात्रंदिवस रस आटविला जाई. आवारातील लोखंडी काहिली पाहताना गुऱ्हाळ परिचित असणाऱ्या मराठी अभ्यासकास भाजण्याचा धोका वेगळा सांगावा लागत नाही. रस आटविणारा माणूसच तेथे मालमत्ता होता, हे मात्र सांगावे लागते.

मळ्यावरील बालगुलामांचे पुतळे भावस्पर्शी आहेत. तथापि अधिक परिणामकारक ठरतात त्या नावांच्या भिंती. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी दप्तरांतून संकलित केलेली सुमारे १,०७,००० नावे तेथे कोरली आहेत. यांतील असंख्य नोंदी खरेदीखते व वारसा-याद्यांतील आहेत. म्हणजे माणसाचे नाव टिकले, ते त्याची किंमत लिहिली गेली म्हणून. दुसऱ्या स्मारकात तिसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावलेल्या सुमारे २,२०० गुलाम बालकांची नोंद आहे. ती चर्चच्या दप्तरांतून मिळाली.