प्रवासाआधीची लस

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड अशा गावांतून दरवर्षी अनेक लोक हजला जातात. त्यांची तयारी तुम्ही पाहिली असेल. एहराम, औषधे आणि पासपोर्ट यांबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट जवळ ठेवावी लागते. ती म्हणजे लस घेतल्याचा दाखला. हा दाखला नसेल, तर यात्रेकरूची यात्राच अडू शकते. आयुष्यभराची बचत खर्च करून निघालेल्या माणसाला एका कागदासाठी अडवणे योग्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या काळी पुष्कळ यात्रेकरू मुंबई बंदरातून बोटीने जेद्दाहला जात. साथ दूरवर पसरेल या भीतीने सरकारने १८९७ साली मुंबईहून हजला जाण्यास बंदी घातली. निरोगी माणसांनाही घरी बसावे लागले. एरवीही प्रवास सोपा नव्हता. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर बोटी थांबवून यात्रेकरूंना काही दिवस वेगळे ठेवत. रोग कोणाच्या अंगात लपला आहे हे कळत नसे. म्हणून सर्वांनाच अडवावे लागे.

त्याच वेळी मुंबईत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा तिसरे आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेऊन लोकांची भीती कमी केली. परळची हाफकिन संस्था आज याच शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते.

पुढे अनेक रोगांवर लसी निघाल्या आणि प्रवासाचे नियम बदलले. सर्वांना अडवण्याऐवजी ‘लस घ्या, दाखला दाखवा आणि पुढे जा’ असे म्हणता येऊ लागले. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभासद देशांनी याबाबत समान नियम केले. २००५ साली ते नव्याने लिहिले गेले आणि २००७ पासून लागू झाले.

आता हजचाच नियम पाहा. मेनिंजायटिस या रोगात मेंदूच्या आवरणाला सूज येते. या रोगाचे जंतू खोकल्यातून आणि शिंकेतून पसरतात. परभणीच्या उरुसातील गर्दी तुम्हांला ठाऊक आहे. हजच्या वेळी तर जगभरातील लाखो लोक एकत्र येतात. १९८७ साली हजच्या काळात या रोगाची साथ आली. त्यानंतर सौदी अरेबियाने लस सक्तीची केली. २००० साली मात्र त्याच रोगाच्या दुसऱ्या प्रकारच्या जंतूंनी साथ आली. काही हाजी हे जंतू नकळत घरी घेऊन गेले आणि घरची माणसे आजारी पडली. म्हणून २००२ पासून चार प्रकारच्या जंतूंपासून बचाव करणारी लस आवश्यक ठरली. तेथे पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी ती घ्यावी लागते. कारण टोचल्याबरोबर शरीरात शक्ती येत नाही, तिला काही दिवस लागतात.

आपला देशही असाच नियम करतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांत पीतज्वर आढळतो. भारतात तो नाही. पण तो पसरवणारा डास आपल्याकडे आहे. डेंग्यू पसरवणारा डास तो हाच! एक रोगी आला आणि त्याला हा डास चावला, तर रोग आपल्याकडे पसरू शकतो. म्हणून पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. मग तो परदेशी असो की भारतीय. हा दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो.

असे नियम कायमचे नसतात. पूर्वी परदेशी जाताना देवीच्या लसीचा दाखला लागत असे. लसीकरणामुळे देवीचा रोग जगातून नाहीसा झाला. १९८० साली तशी घोषणा झाली आणि पुढे त्या दाखल्याची गरजच उरली नाही.

साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही शिकवण तुम्ही हदीसमध्ये वाचली असेल. आपल्यामुळे दुसऱ्याला रोग होऊ नये, हाच विचार लसीच्या नियमामागे आहे. दाखला यात्रेकरूला अडवण्यासाठी नसून त्याची वाट मोकळी करण्यासाठी आहे.

तुमच्या घरचे कोणी हजला निघाले, तर त्यांचा दाखला हातात घेऊन वाचा. त्यावरील नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना? लस घेतल्याची तारीख लिहिली आहे ना? प्रवासाला १० दिवसांपेक्षा अधिक अवधी आहे ना? चूक वेळेवर सापडली, तर ती घरीच दुरुस्त करून घेता येते. विमानतळावर मात्र फार उशीर झालेला असतो.