मण्यारीचे विष आणि मज्जातंतूंचे कुलूप

पावसाळ्यात पवारांच्या जुन्या धार-देवास मुलुखातील खेड्यांत जमिनीवर अंथरूण घालून निजणाऱ्यास कधी कधी मण्यार डसते. वेदना अल्प, सूज बहुधा नाहीच. म्हणून पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे मात्र पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, अखेरीस श्वासही थांबू लागतो. असे का व्हावे?

मेंदूची आज्ञा मज्जातंतूच्या टोकाशी येते. तेथून ती स्नायूस पोहोचविण्याचे काम ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य करते. ते झेलणारे सूक्ष्म रेणू स्नायूच्या पृष्ठभागावर असतात. त्यांस ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे हे द्रव्य ग्राहीत बसले की स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या व मण्यारीच्या विषातील काही घटक त्याच कुलपात ठाण मांडतात. मण्यारीच्या विषातील दुसरे घटक तर तंतूचे टोकच निकामी करतात.

असा ग्राही असावा, हे इंग्रज शास्त्रज्ञ लँगले यांनी १९०५ साली तर्काने ताडले होते. परंतु तो हाती येत नव्हता. १९६३ साली चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी तैवानातील मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे काढले. ते या ग्राहीस सहसा न सुटण्याइतके घट्ट चिकटते. याच खुणेच्या आधारे १९७० साली पॅरिसमध्ये शाँझ्यू यांनी ली यांच्या सहकार्याने विद्युत्-ईल माशाच्या अवयवातील ग्राही ओळखला.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या व्याधीतही पापण्या मिटतात, स्नायू लवकर थकतात. या विषास किरणोत्सर्गी खूण जोडून १९७३ साली अमेरिकेत रुग्णांच्या स्नायूंतील ग्राही मोजले, तेव्हा ते निरोगी माणसाहून पुष्कळ कमी भरले. व्याधीचे मर्म विषाने दाखविले!

मात्र प्रयोगशाळेत शिकविणारे हे विष शरीरात शिरले की सवड देत नाही. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते. मोडलेली तंतूंची टोके त्याने तत्काळ सांधत नाहीत. ती आपोआप भरून येईपर्यंत, कित्येकदा काही दिवस, यंत्राने श्वास चालवावा लागतो. म्हणून दंशाची नुसती शंका आली तरी मंत्र-उताऱ्यात रात्र न दवडता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. कुलूप कोठे आहे हे विज्ञानाने शोधले. वेळेवर दार गाठणे आपल्या हाती आहे.