स्वयंचलित चाचणी आणि अक्षरगणना

काशिकावृत्तीत पाणिनीच्या सूत्राला उदाहरणाबरोबर पुष्कळदा प्रत्युदाहरणही दिलेले असते. सूत्र कोठे लागावे हे पहिल्याने कळते, कोठे लागू नये हे दुसऱ्याने. संगणकाच्या आज्ञावलीची स्वयंचलित चाचणी याच जातीची होय. आज्ञावलीला ठरावीक सामग्री द्यावयाची, अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवावयाचे, आणि मिळालेले उत्तर त्याच्याशी जुळते की नाही हे यंत्राकडूनच ताडून घ्यावयाचे. आज्ञावलीत लहानसाही फेरफार झाला की अशा शेकडो चाचण्या अल्पावधीत पुन्हा घेता येतात. एक दोष काढताना दुसरीकडे काही बिघडले, तर ते बहुधा तेव्हाच उघडकीस येते.

मराठीतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका संकेतांकाने, अथवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र, ते आधी एकरूप करून घेतले नाहीत तर, भिन्न. तेव्हा दोन्ही प्रकारे लिहिलेला ‘आचाऱ्यास’ हा शब्द समान ठरतो काय, ही पहिली चाचणी. प्रत्युदाहरण असे की, ‘आचार्यास’ शोधणाऱ्याच्या हाती ‘आचाऱ्यास’ लागता कामा नये. गुरू आणि स्वयंपाकी यांतील भेद राखण्याचे दायित्व येथे एका रफारावर आहे.

परंतु चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे आज्ञावली निर्दोष असणे नव्हे. अक्षरविभाजनाचे नियम युनिकोडने ठरवून दिले असून त्यांबरोबर चाचण्यांची एक धारिकाही प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपर्यंत या नियमांनी जोडाक्षर हलन्त चिन्हापाशी तुटत असे. ‘क्षत्रिय’ या शब्दाचे क्ष, त्रि, य असे तीन भाग न होता क्, ष, त्, रि, य असे पाच होत. नियमांवरूनच घडविलेल्या चाचण्यांनी यास हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता! १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला, आणि तत्संबंधी चाचण्याही धारिकेत दाखल झाल्या.

याचा परिणाम संशोधकाला प्रत्यक्ष भोगावा लागतो. एखाद्या ग्रंथसंग्रहातील शब्दांची सरासरी अक्षरसंख्या जुन्या नियमांच्या यंत्रावर काढली आणि पडताळणी नव्या नियमांच्या यंत्रावर केली, तर दोन्ही आकडे जुळणार नाहीत. आणि यंत्र त्याविषयी चकार शब्द काढणार नाही. ‘क्षत्रिय’साठी ‘३’ एवढे अपेक्षित उत्तर नोंदविलेली एक चाचणी जवळ असती, तर पहिल्याच वेळी ही विसंगती दिसली असती.

हे अपेक्षित उत्तर कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे. नव्या नियमानेही ‘श्रीमान्’ या शब्दाचे श्री, मा, न् असे तीन भाग होतात. पडद्यावर खुणेची काडी कोठे थांबावी, एवढ्यापुरते हे योग्यच. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तेथे दोनच अक्षरे मोजावयाची आहेत. त्याच्या चाचणीत ‘२’ हा आकडा त्यानेच लिहावयास हवा.