जुनी मराठी पुस्तके : तराजूत टाकण्यापूर्वी

रायपूरच्या बूढापारा भागातील एका शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे (१८७१-१९२६) यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि त्यातून नव्या पुस्तकांची परखड समीक्षा केली. 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथही त्यांनी हिंदीत आणले. त्यामुळे या शहरातील एखाद्या जुन्या कपाटात मूळ मराठी ग्रंथ आणि त्याचा हिंदी अनुवाद शेजारी-शेजारी सापडले, तर त्यात नवल नाही. दोन्ही समोर ठेवून वाचण्याचा आनंद नव्या पुस्तकांच्या दुकानात सहसा मिळत नाही.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तरी पुढे नागपूर हीच मध्यप्रांताची राजधानी होती आणि रायपूर त्याच प्रांतात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० मध्ये छत्तीसगडची राजधानी झाले. येथील मराठी घरांतील मुले हिंदी माध्यमातून शिकली. आजोबांचे कपाट आवरणाऱ्या नातवाला मराठी बोलता येते. कोणते पुस्तक राखावे, हे मात्र कळत नाही. मग सारीच पुस्तके वजनावर जातात. पुण्या-मुंबईत अशा प्रतीला पदपथावर तरी वाचक भेटतो. महाराष्ट्राबाहेर तशी शक्यता फारच थोडी.

पुस्तकाचे वय ओळखणे तितकेसे अवघड नाही. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी आतील खुणा बोलतात. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचे. 'नये पैसे' असे छापले असेल तर १९५७ ते १९६४ या काळातले. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असल्यास ते १९७२ नंतरचे समजावे. 'कांहीं', 'नाहीं' अशी अनुस्वारांची गर्दी दिसली, तर ते बहुतेक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी छापलेले असते. 'अि', 'अु' अशी अक्षरे सावरकरांनी पुरस्कारलेल्या लिपिसुधारणेची आठवण देतात. वाचनालयाच्या शिक्क्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल, तर तो शिक्का साधारणपणे १९५० पूर्वीचा, कारण त्या वर्षी प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. एका शिक्क्यात एवढा इतिहास असतो आणि त्यासाठी वेगळे मूल्य मोजावे लागत नाही!

जुने पुस्तक घेताना आधी शेवटची पाने पाहावीत; गहाळ होतात ती बहुधा तीच. कसर लागली आहे का, हेही पाहावे. दिवाळी अंकांकडे विशेष लक्ष द्यावे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये ही परंपरा सुरू केली. परंतु वर्ष सरले की अंक रद्दीत टाकण्याची सवयही तितकीच जुनी असावी. अंकांतील कितीतरी कथा पुढे पुस्तकरूपाने आल्याच नाहीत. त्या वाचायच्या तर तो अंकच हाती यावा लागतो.

चांगल्या हेतूने होणारे एक नुकसानही सांगितले पाहिजे. नवी बांधणी करताना बांधणीवाला कडा छाटतो, मूळ वेष्टन आणि मागील जाहिरातींची पाने काढून टाकतो. समासात कुणा वाचकाने शाईने लिहिलेली टिपणे त्यात कापली जातात. म्हणून पुस्तक बांधणीस देताना कडा न छाटण्याची आणि सर्व पाने आत ठेवण्याची सूचना आधीच द्यावी.