बोट हलते, पण हाड?

मुलांनो, रोह्यात कुंडलिकेच्या काठी तुम्ही क्रिकेट खेळत असाल. झेल घेताना चेंडू तळहाताऐवजी बोटाच्या टोकावर बसतो. बोट सुजते. लगेच कोणीतरी म्हणतो, "हलवून दाखव. हलते ना? मग हाड शाबूत आहे."

माझ्या एका विद्यार्थ्याने यावर विश्वास ठेवला. घरी तेल लावून करंगळी चोळून घेतली. तीन आठवड्यांनी ती जुळली खरी, पण वाकडी. आजही मूठ मिटली की ती शेजारच्या बोटाखाली जाते.

ही समजूत चुकीची का? बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते मनगट आणि कोपर यांच्यामध्ये असतात. तेथून दोरीसारख्या कंडरा बोटापर्यंत येतात. हाडाला तडा गेला तरी दोरी तुटलेली नसते. म्हणून बोट हलते!

उर्दूत आपण हड्डी म्हणतो, मराठीत हाड. बोटाच्या हाडांच्या भागांना पेरे म्हणतात. अंगठ्याला २ आणि इतर बोटांना ३-३, म्हणजे एका हाताला १४ पेरे. मोजून पाहा.

दुखापत झाली की आधी अंगठी काढा. सूज वाढल्यावर ती निघत नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा आणि हात छातीच्या वर धरा. बोट ओढू नका, चोळू नका. मग हळूच अर्धी मूठ मिटून पाहा. चारही बोटांची टोके अंगठ्याच्या मुळाकडे झुकली पाहिजेत. एखादे बोट दुसऱ्यावर चढत असेल, तर मोडलेले हाड फिरलेले असण्याची शक्यता असते. जखमेतून हाड दिसत असेल, बोट निळे, थंड किंवा बधिर झाले असेल, तर क्षणभरही थांबू नका.

पेणचे असोत वा रोह्याचे, डॉक्टर क्ष-किरण चित्र काढायला सांगतील, तेही समोरून आणि बाजूने. समोरून न दिसणारा तडा बाजूने दिसतो. या किरणांचा शोध जर्मनीत राँटगेन यांनी १८९५ साली लावला. त्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसते. म्हणजे या विद्येची सुरुवातच बोटांपासून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

हाड जागेवर असेल तर शेजारच्या बोटाचाच आधार देतात. दोन बोटांमध्ये कापूस ठेवून ती एकत्र बांधतात. सरकलेले हाड डॉक्टर बोट बधिर करून जागेवर बसवतात आणि पट्टी किंवा प्लास्टर बांधतात. पेणच्या मूर्तिशाळांत गणपतीच्या साच्यात ओततात, तेच हे प्लास्टर ऑफ पॅरिस! पाणी लागताच ते गरम होऊन घट्ट बसते. हाड फारच अस्थिर असेल, तर तारेने किंवा स्क्रूने धरून ठेवावे लागते.

तुमच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. तेथे इजा झाली आणि उपचार लांबला, तर बोट वाकडे वाढू शकते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा.

साधारण तीन ते सहा आठवड्यांत हाड जुळते. पट्टी निघाल्यावर बोट आखडलेले असते, त्याला घाबरू नका. डॉक्टर सांगतील तेव्हापासून कोमट पाण्यात हात बुडवून मूठ हळूहळू उघडा आणि मिटा.