मोतीबिंदू आणि भिंतीवरचे कॅलेंडर

दुखण्याला इतके देखणे नाव आपल्या भाषेनेच द्यावे: मोतीबिंदू! बरे, मोती म्हणावा तर तो आंब्यासारखा ‘पिकतो’. या पिकण्याने फार घोटाळा केला आहे.

माझे मामा मुळशी तालुक्यातल्या माले गावी राहतात. सत्तरी उलटलेली. यंदा ते एकाएकी चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागले आणि घरात आनंदीआनंद झाला. वास्तविक डोळ्यातले भिंग मध्यभागी दाट होऊ लागले की काही दिवस जवळचे बरे दिसते नि लांबचे बिघडते. म्हणजे ही मोतीबिंदूचीच वर्दी! पौडकडून येणाऱ्या एस.टी.ची पाटी दिसते का, असे विचारले, तर म्हणाले, “गाडी थांबते ना? मग पाटी कशाला वाचायची?”

डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन यांनी १८६२ साली काढला. तो ६ मीटरांवरून वाचतात. घरी भिंतीवरचे कॅलेंडरही चालते. मोजमापासाठी नव्हे, मागच्या महिन्याशी ताडून पाहण्यासाठी. जागा तीच, उजेड तोच, लांबचा चष्मा असल्यास तो लावलेला. एक डोळा न दाबता तळहाताने झाकायचा, बारीकात बारीक काय वाचता येते ते तारखेसह वहीत टिपायचे. मग दुसरा डोळा. मामांनी उजव्याने तिथीसुद्धा वाचली. उजवा झाकला मात्र, म्हणाले, “अरे, नुसता कागदच दिसतोय!” चांगला डोळा दोघांचे काम ओढत होता.

उन्हात किंवा समोरच्या मोटारीच्या दिव्याने डोळे दिपतात का, पांढरे धोतर एका डोळ्याला पिवळट दिसते का, हेही टिपावे. खिडकीचे गज वाकडे दिसले तर मात्र मोतीबिंदूला बोल लावू नये. तो पडद्याचा विकार असू शकतो. नजर एकाएकी गेली तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि काचबिंदू या परीक्षेत सापडत नाही. तो कडेची नजर आधी खातो, समोरची अक्षरे पुष्कळ दिवस शाबूत ठेवतो.

पूर्वी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत, त्याला त्या काळच्या शस्त्रक्रियेत अर्थ होता. १९४९ साली लंडनला रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, पुढे बारीक छेदातून काम होऊ लागले. आता रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की पुरे. उलट फार पिकला तर काढणे अवघड होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

मामांना हे सारे पटले. “पण भातकापणी उरकू दे,” म्हणाले. मामींनी वहीत कापणीनंतरचा सोमवार लिहून टाकला.