कुजबुज, कीर्ती आणि करार

संत एकनाथांचे चरित्र हे एका अर्थाने लोकापवादाशी दिलेल्या झुंजीचे चरित्र आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरी जेवल्याबद्दल पैठणच्या कर्मठांनी नाथांना वाळीत टाकू पाहिले. नाथ डगमगले नाहीत. आपल्या मराठवाड्याच्या मातीतली ही कथा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३५ मध्ये पडद्यावर आणली. नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व होते. चित्रपटाचे नाव ठरले होते ‘महात्मा’. पण त्या शब्दाने गांधीजींचे स्मरण होते म्हणून सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि तो ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. लोकांच्या बोलण्याला न भ्यालेल्या संताचे चरित्र सांगणाऱ्या संस्थेलाही कोण काय म्हणेल, याचा विचार करावा लागला.

ही विसंगती केवळ एका चित्रपटापुरती नव्हती. ज्याला आपण स्टुडिओंचे सुवर्णयुग म्हणतो, त्या साऱ्या काळावर लोकापवादाची सावली होती. ती कोणाच्या उपयोगी पडली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की त्या काळातील सत्तेचे स्वरूप उलगडते.

एकाच आवारातील राज्य

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’, मालाडची ‘बॉम्बे टॉकीज’, दादरची ‘रणजित मुव्हीटोन’, कलकत्त्याची ‘न्यू थिएटर्स’ ही त्या काळातील प्रमुख नावे. या संस्थांमध्ये दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत बहुतेक सर्वजण मासिक पगारावर काम करीत. नट-नटी कराराने बांधलेल्या असत. चित्रीकरण, रसायनशाळा, नेपथ्य, प्रसिद्धी असे सारे विभाग एकाच छत्राखाली असल्याने कलावंताचा चेहरा, त्याची प्रतिमा, प्रसंगी त्याचे नावही संस्थेच्या हाती जाई. ‘बॉम्बे टॉकीज’च्या रसायनशाळेतील कुमुदलाल गांगुली हा तरुण ‘अशोककुमार’ झाला, तो याच व्यवस्थेत.

या कारखान्याला एका गोष्टीची मात्र सतत उणीव भासत असे. ती म्हणजे प्रतिष्ठा. ‘चांगल्या घरातल्या’ बायका सिनेमात जात नाहीत, अशी पांढरपेशा समाजाची ठाम समजूत होती. त्यामुळे कुलीन स्त्री पडद्यावर आली की तिचे कूळ हीच जाहिरात होई. दुर्गा खोटे यांना १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात याचा दाहक अनुभव आला. भूमिका अगदी छोटी. पण जाहिरातीत त्यांच्या माहेरच्या लाड आणि सासरच्या खोटे या घराण्यांची नावे ठळकपणे झळकली. चित्रपट पडला आणि बदनामी तेवढी त्यांच्या पदरी आली. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीने त्यांना मान मिळवून दिला. ज्या घराण्यांच्या नावावर तिकिटे विकायची होती, त्याच नावांना काळिमा लावल्याचा ठपका मात्र त्यांना एकटीला सोसावा लागला.

‘बॉम्बे टॉकीज’मध्ये १९३५ च्या ‘जवानी की हवा’च्या वेळी होमजी भगिनींची तीच गत झाली. पारशी मुलींनी सिनेमात काम करावे हे समाजातील अनेकांना रुचले नाही आणि निदर्शने झाली. अखेर खुर्शीद ‘सरस्वती देवी’ झाल्या, माणेक ‘चंद्रप्रभा’. आपल्या सिनेमातील पहिल्या स्त्री-संगीतकारांपैकी एकीला स्वतःचे नाव झाकूनच कीर्ती मिळवावी लागली.

लेखणीचा दरारा

याच वर्षी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू झाले. त्याचे संपादक बाबूराव पटेल हे पालघरजवळच्या मासवणचे. त्यांची परीक्षणे झोंबरी असत आणि वाचकांच्या प्रश्नांना ते देत असलेली खोचक उत्तरे वाचण्यासाठी अंकाची वाट पाहिली जाई. त्यांच्या एका परिच्छेदाने नटी चमकते वा कोमेजते, असा समज रूढ झाला होता. पण अशी मासिके चालत ती मुख्यतः स्टुडिओंच्या जाहिरातींवर. ज्यांच्यावर टीका करायची, त्यांच्याच पैशाने अंक निघायचा. म्हणूनच त्यांचा वार संस्थेपेक्षा व्यक्तीवर, आणि त्यातही स्त्रीवर, अधिक सहज पडे.

बाबूराव स्वतःही कुजबुजीतून सुटले नाहीत. शांता आपटे यांनी त्यांच्या कचेरीत शिरून त्यांना छडीने झोडपले, अशी कथा पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. सांगणारा बदलला की तिचा तपशीलही बदलतो. दुसऱ्यांच्या वदंता छापणाऱ्यालाही अखेर वदंतेचा विषय व्हावे लागले.

मौनाची किंमत

काही गोष्टी गाजवल्या जात, तशा काही दडपल्याही जात. देविका राणी या ‘बॉम्बे टॉकीज’च्या सर्वांत मोठ्या तारका आणि संस्थेचे प्रमुख हिमांशू राय यांच्या पत्नी. ‘जीवन नैया’च्या निर्मितीदरम्यान त्या नायक नजमुल हसन यांच्यासह निघून गेल्या. संस्थेचा सारा डोलारा त्यांच्या चेहऱ्यावर उभा होता. त्यामुळे शशधर मुखर्जी यांच्या मध्यस्थीने त्यांना परत आणण्यात आले. नजमुल हसन यांना दार बंद झाले आणि त्यांच्या जागी अशोककुमार उभे राहिले. त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, ‘अछूत कन्या’ने या नव्या जोडीला घराघरांत पोहोचवले. इथे निर्णय नीतीने घेतला नव्हता. कोणावाचून संस्थेचे चालणार नाही, या हिशेबाने घेतला होता.

‘प्रभात’ची प्रतिमा शिस्तीची आणि घरंदाज होती. तिथे भागीदारांचे खासगी वर्तनही संस्थेच्या अब्रूचा विषय ठरे. व्ही. शांताराम यांनी १९४१ मध्ये ‘शेजारी’च्या नायिका जयश्री यांच्याशी विवाह केला आणि १९४२ मध्ये ते ‘प्रभात’मधून बाहेर पडले. मतभेदाला इतरही कारणे होती. पण पुण्यात चर्चा रंगली ती विवाहाचीच. शांताराम यांनी मात्र मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. हाती कसब आणि भांडवल असलेला पुरुष वादळातून नवी संस्था उभी करू शकत होता. पगारी नटीसमोर तो मार्ग नव्हता.

फाटकासमोरचे उपोषण

म्हणूनच जुलै १९३९ मधील शांता आपटे यांच्या उपोषणाचे मोल मोठे आहे. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी जरठ पतीला नाकारणारी नीरा साकारली होती. वेतन आणि करारातील अटींवरून वाद झाल्यावर हीच नायिका ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषणाला बसली. राजकारणातील हत्यार तिने नोकरीच्या भांडणात वापरले. अनेकांनी त्याला नटीचा चोचला ठरवले. १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. त्यात त्यांनी या धंद्यातील व्यवहार आतून पाहून मांडला. इतरांच्या कुजबुजीला त्यांचे उत्तर स्वतःच्या नावाने, छापील होते.

हॉलिवूडमध्येही फारसे वेगळे नव्हते. तिथे १९२१ नंतर करारांमध्ये ‘नैतिक वर्तना’ची कलमे घुसली, लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर यांच्या सदरांचा धाक होता. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध न्यायालयात जाऊन करार सात वर्षांपलीकडे ताणता येणार नाही, असा निकाल १९४४ मध्ये मिळवला. तिच्यामागे कायदा होता. पुण्याच्या फाटकाशी बसलेल्या अभिनेत्रीजवळ केवळ स्वतःची उपाशी काया होती.

युद्धकाळात सिनेमात बेहिशेबी पैसा आला. एकेका चित्रपटापुरते भांडवल घालणारे निर्माते नटांना मोठ्या रकमा देऊ लागले आणि पगारी व्यवस्था कोसळली. नटांना मोल मिळाले. पण तंत्रज्ञ आणि कामगारांची महिन्याच्या पगाराची शाश्वती गेली. ‘प्रभात’च्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये सरकारी चित्रपटसंस्था सुरू झाली.

उरलेला हिशेब स्त्रियांनीच लिहिला. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’, दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ ही आत्मचरित्रे १९७० ते १९८२ या काळात आली. ज्या गोष्टी एके काळी दबक्या आवाजात त्यांच्याविषयी बोलल्या गेल्या, त्या त्यांनी स्वतः, मोकळेपणाने सांगितल्या. त्या काळातील एखादी रंगतदार वदंता आज वाचनात आली, तर ती खरी की खोटी एवढेच पाहून भागत नाही. ती पसरली तेव्हा पगार कोण देत होते, आणि काम कोणाचे गेले, हेही विचारावे लागते.